खुर्शीदभाईंच्या तोंडातला लगाम

वरोऱ्याच्या जुन्या वस्तीत सकाळी आठच्या सुमाराला कुणी गेलं, तर खुर्शीदभाई ओट्यावर बसलेले दिसायचे आणि त्यांच्या तोंडात घोड्याचा लगाम असायचा. लगाम म्हणजे चामड्याच्या वाद्या नव्हेत, घोड्याच्या जिभेवर आडवं राहतं ते लोखंड. खुर्शीदभाई त्याला दहाना म्हणत. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन कड्या बाहेर लोंबताहेत, डोळे मिटलेले आहेत, असं ते रूप पाहून नवखा माणूस चपापायचा. वस्तीतले लोक मात्र सलाम करून पुढे जायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत.

हा नेम त्यांच्या वडिलांचा. वडील टांगेवाले, सारा जन्म स्टेशन ते कापसाचा बाजार यातच गेला. जो दहाना आपण स्वतः पाऊण तास तोंडात ठेवू शकत नाही तो मुक्या जनावराच्या तोंडात घालायचा नाही, असा त्यांचा कायदा. टांगे गेले, ऑटो आले, वडीलही गेले. खुर्शीदभाईंनी घोडी वरातीला लावली, पण कायदा मोडला नाही. वरातीचे कितीतरी घोडेवाले आतून काटेरी असलेला दहाना वापरतात. मान हलवली की तोंड सोलून निघतं, म्हणून बिचारं जनावर मान हलवतच नाही. खुर्शीदभाई अशा माणसाच्या हातचा चहा घेत नसत, आणि का घेत नाही हे त्याच्या तोंडावर सांगत. नम्रता हा त्यांचा गुण कधीच नव्हता.

या नेमाचा खरा फायदा झाला तो त्यांच्या बायकोला. शहजादीबी घरातले सगळे अवघड विषय त्या पाऊण तासासाठी राखून ठेवत. मुलगी रुबीना महिनाभर माहेरी राहायला येणार आहे, तुमची खाट तिला दिली आहे, तुम्ही अंगणात झोपाल, असं सगळं त्या शांतपणे सांगून घेत. खुर्शीदभाई कड्या वाजवून निषेध नोंदवत. बाई तो होकार धरत.

तर असा हा जनावराच्या तोंडाचा जाणता माणूस, आणि त्याच्याच घोडीनं त्याची अब्रू घालवली होती. मैना नावाची पांढरी घोडी त्यांनी चार वर्षांपूर्वी आणली. दिसायला देखणी, पायानं गरीब, लहान पोरानं शेपटी ओढली तरी वळून बघणार नाही. पण तोंडात दहाना गेला की हिचं डोकं फिरायचं. दोर जरा ओढला की मान आभाळाकडे. खुर्शीदभाईंनी तिच्यासाठी दर वर्षी नवा दहाना शोधला, आधीच्यापेक्षा पातळ, आधीच्यापेक्षा हलका. प्रत्येक दहाना स्वतःच्या तोंडात पाऊण तास ठेवून पाहिला. त्यांना काही म्हणता काही त्रास झाला नाही. मग हिलाच काय धाड भरली आहे, हे त्यांना कळेना. घोडी नखरेल आहे, असा त्यांनी निकाल दिला.

मागच्या वर्षी नखरा महागात पडला. तासाभरावरच्या एका गावात, तळ्यावर मासेमारी करणाऱ्या घनश्यामच्या थोरल्या मुलाची वरात होती. डीजे सुरू झाला, खुर्शीदभाईंनी दोर आवळला, मैनेनं मान उडवली आणि ती नेमकी नवरदेवाच्या नाकावर बसली. बाशिंग मोडलं. नवरदेव दोन्ही नाकपुड्यांत कापूस घालून बोहल्यावर उभा राहिला आणि सगळ्या फोटोंत तसाच आला.

यानंतर घनश्याम पुन्हा दारात उभा राहील असं कुणालाही वाटलं नव्हतं. पण यंदा तो आला, धाकट्या स्वप्निलच्या लग्नासाठी तीच घोडी मागायला. कारण त्याची बायको गोकुळाबाई. थोरली सून डिंपल अशी गुणाची निघाली होती की सासूनं तिच्याविरुद्ध तोंड उघडायला जागा उरली नव्हती, आणि हा सगळा पांढऱ्या घोडीचा पायगुण आहे असं गोकुळाबाईनं गावभर करून टाकलं होतं. दुसरी सूनही त्याच घोडीच्या मागं आली पाहिजे. स्वप्निलची एकच अट होती. तो बाशिंगाखाली हेल्मेट घालणार होता.

खुर्शीदभाईंचा मुलगा रईस हे सगळं ऐकत होता. रईसचं लाइटिंगचं दुकान. आजकाल नवरदेव सजवलेल्या उघड्या जीपमधून जातो, जीप कुणाचं नाक फोडत नाही, हे तो बापाला कधीपासून सांगत होता. त्यानं एक व्यापारीही बघून ठेवला होता. त्या दिवशी त्यानं घनश्यामच्या देखत बापाकडून शब्द घेतला, की या वरातीत मैनेनं एकदा जरी मान उडवली तर ती परत या दारात येणार नाही, तिथूनच व्यापाऱ्याच्या गाडीत चढेल. बाहेरच्या माणसासमोर माघार घेणं खुर्शीदभाईंना जमणारं नव्हतं. त्यांनी शब्द दिला, आणि घनश्याम गेल्यावर मैनेच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्या घोडीवर त्यांचा जीव होता. तिच्यावर चिडायचे तेही त्यामुळेच.

लग्नाला महिना होता. खुर्शीदभाईंनी वडिलांची पेटी उघडली आणि त्यातले सगळे दहाने ओट्यावर मांडले. रोज एक तोंडात. शहजादीबींनी त्या महिन्यात घराला रंग द्यायचं ठरवून टाकलं.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हती. खुर्शीदभाईंच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. पाच वर्षांपूर्वी चंद्रपूरला जाऊन त्यांनी वरखाली कवळी बसवून घेतली होती. कवळी इतकी बेमालूम होती की लोक त्यांच्या दातांचं कौतुक करत आणि ते रोज कडुनिंबाची काडी चावून ते कौतुक टिकवून ठेवत. बायकोशिवाय हे गुपित कुणाला माहीत नव्हतं, आणि खुर्शीदभाई स्वतःही ते जवळजवळ विसरले होते.

सहाव्या की सातव्या दिवशी कवळीनं खालच्या हिरडीला घासून जखम केली. शहजादीबींनी कवळी काढायला लावली, पाण्याच्या वाटीत टाकली आणि आज बाहेर जाऊ नका म्हणून बजावलं. खुर्शीदभाई घरात बसून राहिले, पण नेम तो नेम. मैनेचा रोजचा दहाना समोर खुंटीला होता, पातळ, हलका, त्यांनी स्वतः पास केलेला. त्यांनी तो सवयीनं तोंडात घेतला आणि पुढच्याच क्षणी असे ओरडले की शहजादीबी चुलीवरचं दूध सोडून धावत आल्या.

ते पातळ लोखंड उघड्या हिरडीवर सुरीच्या पात्यासारखं बसलं होतं. खुर्शीदभाई डोळ्यांत पाणी आणून दहान्याकडे बघत राहिले. मग उठले, बोळक्या तोंडानं तसेच अंगणात गेले, आणि मैनेचा ओठ बाजूला करून त्यांनी आत बोट घातलं.

घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. तिथे दात नसतात, नुसती हिरडी. लगाम बसतो तो बरोबर त्याच जागी. हे खुर्शीदभाईंना पोरवयापासून माहीत होतं. दुसऱ्याला शंभरदा सांगितलेलंही होतं. मैनेच्या त्या हिरडीवर दोन्ही बाजूंना एकेक लाल, सुजलेला वळ होता. त्यांचं बोट लागताच तिनं मान उडवली नाही. ती फक्त थरथरली.

चार वर्षं ते प्लॅस्टिकच्या दातांनी लोखंड चाखत होते आणि घोडीला नखरेल म्हणत होते. काटेरी दहानेवाल्यांच्या हातचा चहा न पिणारे खुर्शीदभाई त्या दिवशी स्वतःच्या घरचाही चहा प्याले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसले ते कवळी न घालता. सारी वस्ती बघून गेली. कुणी विचारलं तर त्यांनी तोंड उघडून दाखवलं. पेटीतला एकेक दहाना त्यांनी उघड्या हिरडीवर घेतला. मधे पीळ असलेला अर्धं मिनिटही सोसला नाही. एक चांगला गुळगुळीत होता, पण आखूड, त्यानं ओठांचे कोपरे चिमटले. शेवटी तळाशी वडिलांच्या टांग्याच्या घोड्याचा एक जुना दहाना निघाला, बोटाएवढा जाड, मधे सांधा असलेला, वर्षानुवर्षांच्या वापरानं गुळगुळीत झालेला. इतका अवजड म्हणून तो आजवर त्यांनी हातात घेतला नव्हता. तोंडात मात्र तो असा बसला की पाऊण तास झाला हे शहजादीबींना येऊन सांगावं लागलं.

मधल्या दिवसांत मैनेच्या तोंडाला त्यांनी लोखंड लावलं नाही. जनावरांच्या डॉक्टरनं दिलेलं मलम लावायचं आणि नुसत्या दोरावर फिरवायचं. वळ पुरते गेल्यावर जाड दहाना घालून पाहिला. मैनेनं तो दोनदा जिभेनं ढकलला, मग चघळत उभी राहिली.

वरातीच्या दिवशी रईस सोबत आला आणि व्यापाऱ्याची गाडी गावाच्या फाट्यावर उभी राहिली. स्वप्निल हेल्मेटवर बाशिंग बांधून आला तेव्हा बायाबापड्यांनी पदर तोंडाला लावले. डीजे सुरू झाला. रईस बापाच्या हाताकडे बघत होता. खुर्शीदभाईंचा हात सवयीनं दोर आवळायला गेला आणि त्यांनी तो मोठ्या कष्टानं सैल सोडला. डीजेच्या आवाजानं घरांचे पत्रे थडथडत होते. मैनेनं कान मागे नेले, पुढे आणले, दहाना चघळला आणि पाऊल टाकलं. तळ्यापासून मांडवापर्यंत मान खाली ठेवून ती अशी चालत गेली की अर्ध्या वाटेत उकडतंय म्हणून स्वप्निलनं स्वतःच हेल्मेट काढून मित्राच्या हातात दिलं.

मांडवाच्या दारात नवरदेव उतरला. रईस फाट्याकडे गेला आणि व्यापाऱ्याची रिकामी गाडी परत गेली. गोकुळाबाईनं मैनेला कुंकू लावलं. घनश्याम हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "खुर्शीदभाई, घोडी लयच सुधरली ना तुमची."

खुर्शीदभाई एरवी असल्या बोलण्यावर तासभर बोलले असते. ते मैनेच्या तोंडातून दहाना काढत होते. काढून झाला, तो त्यांनी पंच्यानं पुसला आणि खांद्यावर टाकला.

"ते नाई सुधरली, घनश्यामभाऊ," ते म्हणाले. "ते चार वर्षांपासून सांगून राह्यली होती. मीच माह्या तोंडाले इचारत होतो."