नवसाचा गुडघा

गुडघा हा अवयव माझ्या मनातून उतरला आहे. फिजिओथेरपिस्टने असं म्हणणं म्हणजे हलवायाने साखरेला नावं ठेवण्यासारखं, पण काय करू? खांदा द्या, मान द्या, मुरगळलेला घोटा द्या, मी दिवसभर राबेन. गुडघा आला की हल्ली मी तो सहकाऱ्याकडे ढकलते. तो विचारतो, का? मी म्हणते, असंच. 'असंच' हे उत्तर इथल्या माणसांना कळत नाही, तरी मी तेच देते.

पुण्यात शिकून, लग्न करून मी डेल्फ्टला आले ती नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे. माझी पदवी इथे मान्य होईपर्यंत आणि डच परीक्षा पास होईपर्यंत उमेदीची वर्षं गेली. मग फोरबर्गमध्ये कालव्याजवळच्या एका छोट्या फिजिओ क्लिनिकमध्ये नोकरी मिळाली. दुसऱ्या श्रेणीतल्या एका फुटबॉल क्लबचे रेंगाळलेले पेशंट तिथे यायचे. क्लबचा स्वतःचा फिजिओ होता, पण तो धडधाकट खेळाडूंच्या मागे असायचा. ज्यांना बरं व्हायला महिनोन्‌महिने लागणार ते आमच्याकडे.

तो तसाच आला. पोर्तुगीज बचावपटू, तिशी कधीच ओलांडलेली. त्या खेळात म्हणजे म्हातारा. उंच, खांदे रुंद, आणि आत येताना दाराची चौकट धरून आला. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट, बाकी सगळा व्यायाम. मी ते त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "बरं झालं. म्हणजे तुम्ही मला सल्ले देणार नाही."

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. मी डॉक्टर नाही हे कितीदा सांगितलं तरी तो मला त्याच्या भाषेत 'डॉक्टरा' म्हणायचा. व्यायाम करताना वेदना विसरायला पेशंटला बोलतं ठेवावं लागतं, म्हणून मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. गाव पोर्तुगालच्या उत्तरेला, समुद्रकाठचं. बाप लहानपणीच गेला. आई मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला. तिथल्या वासाने तिच्याजवळ कुणी बसायचं नाही, म्हणून सामना बघायला आली की ती उभीच राहायची. पोरगा एका मोठ्या क्लबच्या शाळेत निवडला गेला, पण मुख्य संघात कधी गेलाच नाही. मग सायप्रस, मग रोमानिया, मग हे. "गोल करणाऱ्याचं नाव होतं, डॉक्टरा. माझं नाव घेतात ते माझं चुकलं की," असं तो म्हणायचा. हे आमच्या घरात आईला लागू पडतं, असं मी म्हटल्यावर तो मोठ्याने हसला.

गुडघ्यातला मुख्य बंध तुटला होता. सर्जननी वाटीखालच्या जाड स्नायुबंधाची एक पट्टी काढून त्या जागी नवा बंध ओवला होता. असा गुडघा पुन्हा धावू शकतो, उडी मारू शकतो. फक्त टेकवायचा नाही. पट्टी काढलेली जागा पुढून कायमची हुळहुळी राहते आणि त्याच्या वाटीखालची कूर्चाही झिजलेलीच होती. त्याचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपत होता. त्याला अजून एक वर्ष हवं होतं, एवढंच. मुलगी इथल्या शाळेत रमली होती, घरात डचमध्ये उत्तरं द्यायची, अगदी माझ्या मुलासारखी. आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. पंधराव्या वर्षापासून तो पुढच्या माणसाला अडवत आला होता.

नवसाचं त्याने अगदी सहज सांगितलं. मी त्याचा पाय वाकवत होते, तो दात आवळून छताकडे बघत होता. म्हणाला, आईने मेरीमातेला कबूल केलंय. त्यांच्याकडे मेरीमातेचं एक मोठं देवस्थान आहे, लोक पटांगणाच्या वरच्या टोकापासून खाली तिच्या मंदिरापर्यंत गुडघ्यांवर चालत जातात. मुलगा पुन्हा मैदानात उतरला तर तो स्वतः गुडघ्यांवर येईल, असं ती बोलून बसली होती.

"कोण येईल?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. "नवस आईचा, गुडघे माझे."

मला हसू आलं, कारण हे सगळं मला पाठ होतं. आमच्याकडेही आई बोलते आणि लेकरू फेडतं. पोराचं जावळ, पोराचं लोटांगण, पोराच्या भारोभार गूळ. मी त्याला लोटांगणाचं सांगितलं, तापलेल्या फरशीवरून देवळाभोवती लोळत जाणाऱ्या माणसांचं. बांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचे हात-पाय वाहतात तेही सांगितलं. त्यांच्याकडेही मेणाचे अवयव मिळतात म्हणे. या देशात इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. त्या हसण्याचाच मला आता राग येतो. पण तेव्हा तो नीट चालतसुद्धा नव्हता आणि नवस फेडायची वेळ येईल असं कुणाला वाटत होतं?

हिवाळ्यात त्याची आई गेली. झोपेतच. तो चार दिवस जाऊन आला आणि परत व्यायामाला लागला, आधीपेक्षा जास्त. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मनात कुठेतरी हायसंही वाटलं. बाई गेली, तिच्याबरोबर नवसही गेला. मी इतकी कशी मूर्ख? माझ्या मामाचं लग्न जमेना तेव्हा घरातल्या मोठ्यांनी मेलेल्या माणसांचे राहिलेले नवस शोधून काढून फेडले होते. बोलणारं माणूस जिवंत असलं तर त्याच्याशी भांडता तरी येतं. मेलं की दोर सोडवायचा कुणी?

वसंतात तो धावायला लागला. मग संघाबरोबर सराव. हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्याला त्याने मला तिकीट दिलं आणि मी आयुष्यातला पहिला फुटबॉल सामना बघितला. वारा असा की डोळ्यांतून पाणी. शेवटी शेवटी त्यांनी त्याला आत उतरवलं. त्याने चेंडूला पाय किती वेळा लावला कुणास ठाऊक, मला तर तो नुसता हात करून ओरडतानाच दिसला. तू तिकडे, तू मागे हो. पण त्याच्या समोरचा पोरगा, चांगला वेगवान होता, प्रत्येक वेळी पळत यायचा आणि याला आधीच तिथे उभा बघून वळायचा. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी रडले. क्लबने त्याला एक वर्ष देऊ केलं. अट एकच, जूनअखेर सराव सुरू होताना वैद्यकीय तपासणीत गुडघा पास झाला पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "आता मला जाऊन यावं लागेल."

आमच्या क्लिनिकचा मालक, सरळ मनाचा डच माणूस, त्याच्या तोंडावर म्हणाला, "हा मूर्खपणा आहे." तो हसला. मालक माझ्याकडे वळून म्हणाला, आपण सल्ला दिला, आता निर्णय त्याचा. झालं, त्यांचं काम संपलं. मला ते जमेना. मी पुण्याला आईला फोन लावला.

"अगं, नवस बदलून मागता येतो की," आई म्हणाली. "देवापुढे नारळ ठेवायचा, चुकलं माकलं पदरात घे म्हणायचं. देव काय सावकार आहे?"

"आणि बोलणारी गेली असेल तर?"

"मग कठीण आहे बाई," आई म्हणाली. "तू त्यात पडू नकोस."

मी पडले. मी त्याला म्हटलं, मेणाचा गुडघा वाहा, मोठ्यातला मोठा. तो म्हणाला, तो तर वाहणारच आहे. मी म्हटलं, दोन वर्षं थांब, खेळणं संपल्यावर फेड, तुझी आई काही पळून जात नाही. मग मी आवाज चढवला, शेजारच्या खोलीतल्या पेशंटला ऐकू जाईल इतका. तुझ्या आईने आयुष्यभर उभं राहून तुझे सामने बघितले ते हे बघायला का?

तो रागावला नाही. बाकावर बसून त्याने मला समजावलं, एखाद्या नवख्या खेळाडूला समजावतात तसं. म्हणाला, बचाव करणाऱ्याकडे वेग नसला तरी चालतं, उंची कमी असली तरी चालतं. पण मनात शंका असून चालत नाही. समोरचा अंगावर येतो तेव्हा पाय घालायचा की नाही हे क्षणात ठरतं. "माझं काही फेडायचं राहिलं असेल तर मी त्या क्षणी गुडघ्याचा विचार करीन, डॉक्टरा. मग मी उशिरा जाईन. आणि उशीर म्हणजे गोल."

मी फक्त म्हटलं, निदान जाड पट्ट्या बांध. तो हो म्हणाला.

बांधल्या नाहीत. त्याच्या बायकोने नंतर मला सांगितलं. आई नेहमी उघड्या गुडघ्यांनी जायची, म्हणून यानेही पँट दुमडली. वाटेवर गुळगुळीत फरशी असते, पण कडेला थोडी खरखरीत, आणि हा कडेकडेनेच सरकत गेला. म्हाताऱ्या बाया त्याच्या पुढे निघून गेल्या. लेक शेजारून त्याचा हात धरून चालत होती आणि थांब म्हणून सांगत होती, डचमध्ये. शेवटी त्याची कातडी सोलवटली होती. त्याने रुमालाने पुसली, मेणबत्ती लावली, आणि तो इतका मोकळा दिसत होता की रागवायला निघालेल्या बायकोने त्याला नुसता हात देऊन उठवलं.

परत आला तेव्हा गुडघा टम्म सुजलेला होता आणि हाताला चटका बसावा इतका गरम. मी हात लावला आणि लगेच त्याला हॉस्पिटलमध्ये पाठवलं. सोलवटलेल्या जागेतून जंतू आत गेले होते, वाटीवरच्या द्रवाच्या पिशवीतून थेट सांध्यात. दोनदा सांधा उघडून धुतला. नवा बंध काढून टाकावा लागला. कूर्चा जी काही उरली होती ती पुवाने खाल्ली. जूनअखेर त्याचे सोबती मैदानात धावत होते आणि हा पलंगावर पाय उंच ठेवून पडला होता. क्लबच्या माणसांनी फुलं आणली, फार चांगलं बोलले, आणि करार झाला नाही. त्यांना तरी काय नावं ठेवायची? नियम आधीच सांगितलेला होता.

मला मात्र सगळ्यांचा राग आला होता. त्या मेलेल्या बाईचा सर्वांत जास्त. बोलायचंच होतं तर स्वतःचे गुडघे बोलायचे होते. आणि मागायचं तर नीट तरी मागायचं. पुन्हा मैदानात उतरू दे, एवढंच मागितलं तिने. उतरला. किती दिवसांसाठी, ते मागायचं राहिलं. देवांशी व्यवहार करणाऱ्या बायकांना हे कळायला नको? मी घरी येऊन देवघरातल्या देवांशीही बोलत नव्हते. नवरा दिवा लावायचा.

तो पुन्हा माझ्याकडेच यायला लागला. आता धावायला नाही, जिना उतरायला. कठडा धरून, आधी दुखरा पाय, मग चांगला. गोल करणाऱ्यांना अडवणारा माणूस एका पायरीवर थांबून घाम पुसायचा. त्याने एकदाही म्हटलं नाही की गेलो नसतो तर बरं झालं असतं. मी वाट बघायचे, एकदा म्हणावं, म्हणजे मलाही रडता येईल. तो मुलीच्या शाळेबद्दल बोलायचा. ती इथलं गाव सोडायला तयार नव्हती. पोर्तुगालला बायकोच्या भावाचं टायरचं दुकान होतं, तिकडे काउंटरवर बसायचं ठरत होतं.

शेवटच्या दिवशी त्याने बूट चढवले, खुर्चीवरून उठला आणि दाराशी थांबला.

"डॉक्टरा, मला गुडघे टेकता येतील ना? चर्चमध्ये. थोडाच वेळ."

पुण्यात असते तर 'होईल हळूहळू' म्हणाले असते. "नाही," मी म्हटलं. "या गुडघ्यावर आता कधीच नाही."

खेळ संपला हे सर्जननी सांगितलं तेव्हा तो रडला नव्हता, असं बायको म्हणाली होती. आता रडला. दाराची चौकट धरून, एवढा मोठा माणूस, आवाज न करता. "मग मी मेरीमातेजवळ मागू कसा?" तो म्हणाला. "मला अजून किती मागायचंय."

मी त्याच्या दंडाला धरून त्याला परत खुर्चीवर बसवलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, आमच्याकडे उभ्यानेच हात जोडतात. देव उभ्याचंही ऐकतो.

"ऐकतो?" त्याने वर बघून विचारलं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मी हो म्हटलं. त्याच्या आईचं ऐकलं होतं म्हणूनच तर त्याची ही गत झाली होती, आणि यापुढे त्याचं काही म्हणजे काही कुणी ऐकू नये, असं मला अगदी पोटातून वाटत होतं.