नाताळच्या चोवीस पोटल्या

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या कधी साठतात ते कळत नाही. किश्श्यांचंही तसंच. झाडून टाकावेत म्हणून बसावं, तर एखादी लाल चिंधी हातात येते आणि टाकवत नाही.

मी नंदुरबारचा शिंपी. शिक्षण चौथी. दुकानासमोर मुलींचं वसतिगृह आहे, तिथले गणवेश मी शिवतो. माझी शिलाई उसवत नाही. माझ्याबद्दल एवढं पुरे.

वसतिगृह रूथबाई चालवतात. शेजारी सलीमभाईंची बेकरी. आमचा तिघांचा दुपारचा चहा माझ्या दुकानात. हे किस्से त्या चहाचे.

*

सुरेखा नावाची एक पोर डोंगरातल्या मोलगी गावाच्या पलीकडच्या पाड्यावरून पहिलीत आली होती. दिवाळीनंतर दोनदा पळाली. दोन्ही वेळा जीपच्या थांब्यावर सापडली. "मोलगीची जीप कोणती?" एवढंच विचारत होती.

तिचा बाप रुपसिंग आला. उभ्यानेच बोलला. "बाई, आणखी एकदा पळाली तर घेऊन जातो. घरी शेळ्या आहेत वळायला."

म्हणजे शाळा संपली!

दुसऱ्या दिवशी रूथबाई माझ्याकडे आल्या. "आबा, चोवीस पोटल्या शिवून द्या. प्रत्येकीवर आकडा. दोरीवर टांगायच्यात."

"कशाला?"

"याला अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर म्हणतात. डिसेंबर लागला की रोज एक उघडायची. आत खाऊ. शेवटची उघडली की नाताळ आणि घरी सुट्टी. विकत मिळतं ते पुठ्ठ्याचं असतं, आपण कापडाचं करू. लहान्या दहा जणी दिवसभर 'घरी कधी, घरी कधी' करतात. आणि ती सुरेखा तर विचारतसुद्धा नाही, सरळ निघते!"

मी म्हटलं, "दिवस मोजायला पोटल्या कशाला? बोटं आहेत की."

"बोटांत खाऊ नसतो, आबा!"

मी मशीनला तेल घातलं.

*

कापड सलीमभाईंनी आणलं. लालभडक, जाड आणि फुकट.

"मेरे साले का है, आबा. एकदम मजबूत."

साला मिरचीच्या पथारीवर कामाला. तिथे उघड्या मैदानात मिरची वाळत घालतात, आणि हे कापड रात्री मिरचीवर पांघरायचं. सलीमभाईंनी ते दोनदा धुऊन आणलं होतं. पण नंदुरबारची मिरची दोन धुण्यांत जाते होय!

पहिल्या दिवशी रूथबाईंनी पहिली पोटली सोडली. आत शेंगदाण्याचे दहा लाडू. प्रत्येकीला एक. आधी रूथबाई शिंकल्या. मग स्वयंपाकीण. मग दहाच्या दहा पोरी! नऊ जणी तोंड धरून नळाकडे पळाल्या.

सुरेखा जागेवर बसून राहिली. नाक गळतंय, डोळ्यांना धारा, आणि लाडू चालू. संपवला, बोटं चाटली, आणि विचारलं, "दुसरी आत्ताच उघडायची?"

"उद्या."

"बरं. उद्या."

त्या दिवशी ती पळाली नाही. पोटल्या नंतर उकळत्या पाण्यातून काढल्या. पण सलीमभाई आठवडाभर ताठ मानेने फिरत होते. "देखा? कपडा किसका था!"

*

रूथबाईंनी सलीमभाईंना सांगितलं, नानखटाई चांदणीच्या आकाराची पाहिजे. नाताळला चांदणी लागते.

सलीमभाईंनी सुरीने कोपरे कापले. भट्टीत गेल्यावर कोपरे पसरले, काढताना तुटले. मग त्यांनी स्टीलच्या पेल्याने पीठ कापून चंद्रकोर केली. "तारा नहीं बनता, बाई. चाँद ले लो. वो भी ऊपरच रहता है."

पोटली उघडली. पोरींनी चंद्रकोरी हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या, आणि एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या. शेवटी एक जण रडत रूथबाईंकडे आली. "बाई, माझी कोणीतरी खाल्ली!"

दहा जणींची तीच तक्रार! रूथबाईंनी कितीही समजावलं तरी एकीलाही पटेना. संध्याकाळी सलीमभाईंनी उरलेल्या गोल नानखटाया पाठवल्या आणि निरोप दिला, "ये लो, पूनम हो गयी!"

*

घरी माझी बायको चार दिवस गप्प होती. तिच्या गप्प राहण्याला मी घाबरतो. पाचव्या दिवशी ताट वाढता वाढता आमच्या बोलीत बोलली.

"गावभरन्या पोटल्या शिवी ऱ्हायनात. माले एक नई?"

मी म्हटलं, "तुले कशानी वाट देखनी शे?"

"तुम्ही दुकानमधून घर कव्हय येतस, त्यानी!"

त्या दिवसापासून मी दिवे लागायच्या आत दुकान बंद करतो. तिनेही पुढची पोटली भरायला डबाभर तिळाच्या वड्या दिल्या.

*

त्या वड्यांची पोटली सकाळी हलकी लागली. गाठ तशीच, आत तीनच वड्या.

रूथबाईंनी पोरींना रांगेत उभं केलं. मी गणवेशाची मापं घ्यायला गेलो होतो, म्हणून तिथे होतो.

"कोणी खाल्ल्या? खरं सांगा. मारणार नाही."

मग सुरेखा पुढे आली. "मी खाल्ल्या."

रूथबाईंचा चेहरा उतरला. सगळ्यांत जास्त भीती त्यांना हिचीच होती.

"का गं?"

"खाल्ल्या. चोरी केली. आता घरी पाठवा."

मी पोटली हातात घेतली. माझी शिलाई शाबूत होती. तळाशी मात्र बोट जाईल एवढं कुरतडलेलं भोक.

मी सुरेखासमोर वाकलो. "तोंड उघड."

तिने उघडलं. पुढचे दोन दात पडलेले!

"चोरी करायला आधी दात लागतात, बाय. उंदराला पाठवू का घरी?"

ती हसली. पहिल्यांदाच. रूथबाई मात्र पाठ फिरवून चष्मा पुसत बसल्या.

*

शेवटची पोटली उघडली आणि पोरी घरोघरी गेल्या. सुरेखाने रिकाम्या पोटल्यांची दोरी मागून घेतली. रूथबाईंनी दिली.

सुट्टी संपली. नऊ जणी आल्या, सुरेखा नाही. दुसरा दिवस गेला. रूथबाईंनी चहाला हात लावला नाही. सलीमभाई म्हणाले, "आयेगी." मला वाटत होतं, गेली शेळ्यांमागे.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुपसिंगने तिला आणून सोडलं आणि तो आल्या पावली जीपला गेला.

रूथबाईंनी तिला जवळ घेतलं. "उशीर का गं?"

"माय सोडत नव्हती. रडत होती."

"मग कसं सोडलं?"

"मी पोटल्या भरून दिल्या तिला. मोहाची सुकी फुलं, भाजलेले हरभरे, आंब्याच्या वाळवलेल्या फोडी. म्हटलं, माझी आठवण आली की एक उघडायची. होळीला मी येतेच."

होळी म्हणजे त्यांच्या पाड्यावरचा मोठा सण. दिवाळीपेक्षा मोठा.

सलीमभाई म्हणाले, "उस्ताद निकली!"

*

आठ दिवस झाले असतील. आमचा चहा चालू होता. रुपसिंग दुकानाच्या दारात उभा. खांद्यावर दोरी, दोरीवर सगळ्या पोटल्या लोंबकळत होत्या. रिकाम्या!

रूथबाई उठल्याच. "सगळ्या उघडल्या?"

"सगळ्या."

"एवढ्यात?"

"दिवसाला तीन-तीन. सकाळी उठली की एक, भाकर करताना एक, निजताना एक."

"अहो, होळी लांब आहे!"

"ते मला कळतं, बाई. तिच्या मायला कोण सांगणार? ती म्हणते, पोटल्या भरून आणा, नाहीतर पोर आणा."

रूथबाई खाली बसल्या. सलीमभाई चहा टाकून बेकरीत गेले आणि नानखटाईचा अख्खा ट्रे घेऊन आले. मी बायकोला फोन केला. तिने डबा पाठवला. समोरून दहाही पोरी आल्या. माझ्या दुकानात जमिनीवर बसून पोटल्या भरल्या.

गाठी सुरेखाने स्वतः मारल्या. एकेक गाठ दाढेत धरून, ओढून. मी म्हटलं, "एवढी घट्ट कशाला? सुटायची नाही."

"म्हणूनच! दिवसभर सोडत बसली पाहिजे."

भरलेली दोरी रुपसिंगने खांद्यावर घेतली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाला. पायरी उतरला. थांबला. परत आला.

पोरीकडे पाहिलं नाही. रूथबाईंकडेही नाही. माझ्या मशीनकडे पाहत विचारलं,

"आबा, यातली एक मी जीपमध्ये उघडली तर चालेल का?"