माझ्या मायनं धरलेला तारा

माझी माय, गोजरबाई, एका डोळ्याची. दुसरा लहानपणी गोवरानं नेला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं आभाळातला नवा तारा धरला, असं सांगितलं तर ताडकळसच्या बाजारात लोक मलाच वेड्यात काढतील. काढोत.

बारावीला असताना सरांनी मोबाईलवर शास्त्रज्ञांचं एक काम लावून दिलं होतं. आभाळाच्या एकाच तुकड्याचे वेगवेगळ्या वर्षी काढलेले फोटो एकामागून एक दिसतात. लांबचे तारे जागच्या जागी राहतात; एखादा आपल्या जवळचा असला तर त्याचा ठिपका सरकतो. तो हुडकायचा. महिनाभर मला काही सापडलं नाही. माय भाकरी थापता थापता वाकली आणि पिठाचं बोट कोपऱ्यात टेकवलं. "ह्यो बघ आप्पे, सरकायलाय." जोंधळ्यातलं पाखरू हेरणारी नजर ती. मी ठिपका त्यांना कळवला, शोधणाऱ्याच्या नावाच्या जागी तिचं नाव लिहिलं. ती लाजली, पण शेजारच्या सुमनबाईला तीनदा सांगून आली.

दिवाळीनंतर माय-बाप ऊसतोडीला गेले. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता मोजतात. एक बसला की दुसऱ्याचंही काम थांबतं. म्हणून उसाचं पातं तिच्या चांगल्या डोळ्याला लागलं तरी ती बसली नाही. फोनवर म्हणाली, डोळा लय चरचरायलाय. मी म्हणाले, मध घाल. आजीकडून ऐकलं होतं. बारावी सायन्सची पोरगी मी, दवाखान्यात जा, एवढं वाक्य मला सुचलं नाही. आठ दिवस ती मध घालून मोळ्या बांधत राहिली. मग डॉक्टरांनी सांगितलं, जखम चिघळली, आता उपाय नाही. मला अजून स्वतःची चीड येते.

कारखाना बंद झाल्यावर बापानं तिला हात धरून घरी आणलं. त्याच आठवड्यात शास्त्रज्ञांचा मेल आला. मोठ्या दुर्बिणीतून तपासलं होतं. तारा खरा होता, सूर्याच्या शेजारातलाच होता, आणि शोधणाऱ्यांत मायचं नाव होतं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला दाव."

मी सवयीनं फोटो तिच्यासमोर धरले. मग भानावर आले. तिचं बोट धरून काचेवर ठेवलं आणि ठिपका जेवढा जात होता तेवढंच सरकवलं. जोंधळ्याच्या दाण्याएवढंही अंतर नव्हतं.

बोट तसंच ठेवून माय म्हणाली, "येवढं बारीक मला दिसत हुतं, आप्पे?"