बैलगाडीच्या सुताराची नाव

आमचे आप्पा, म्हणजे तोताराम सुतार, तेहेतीस वर्षं बैलगाड्या करत होते. शिरपूर तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांची चाकं आपल्या हातची आहेत, असं ते सांगायचे. निम्म्या नसतील, पण पुष्कळ होत्या. सत्त्याऐंशी साली मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले, तर अंगणात निंबाखाली एक नवी कोरी नाव पालथी पडलेली. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच हसले. नदीत गुडघ्यापर्यंत पाणी आलं की मागं फिरणारा हा माणूस, आणि यानं नाव केली!

आप्पा हसले नाहीत. हातातली मोगरी खाली न ठेवता म्हणाले, "लता, पह्यले पानी पी. मंग हास."

स्वयंपाकघरात आईनं सगळं सांगितलं. गावाशेजारी धरण झालं, तेव्हापासून हिलाल भोई आणि त्याची बायको झुंबरबाई दोघं मिळून त्यात जाळी टाकत. नाव कुठली असायला? ट्रॅक्टरच्या चाकाच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी बांधायची आणि हातानं पाणी मारत जायचं. गेल्या दिवाळीत बुडालेल्या बाभळीचा काटा लागून ट्यूब फुटली. झुंबरबाई दोनदा खाली गेली. हिलालनं तिला केसाला धरून वर काढलं. तेव्हापासून ती पाण्याला पाय लावत नव्हती आणि एकट्या हिलालला जाळं ओढवत नव्हतं. नाव करणारा कारागीर जवळपास कुणी नाही, म्हणून तो आप्पांकडे आला. आप्पा म्हणाले, लाकूडच ना शेवटी, करू. ही आमच्या घराची जुनी खोड आहे. नाही म्हणायला जीभ वळत नाही.

हिलालनं एकच अट घातली होती. "आप्पा, पह्यली फेरी तुम्ही संगे बठा. मंग नाव आम्हनी."

आप्पा हो म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांची झोप गेली.

आखाजीला आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, आमरस होता. आप्पांनी अर्धी पोळी कशीबशी संपवली आणि पुन्हा निंबाखाली जाऊन बसले. मी चिडले. म्हटलं, वर्षातून एकदा लेक घरी येते, तिच्याशी दोन शब्द बोला की. तेव्हा ते सांध्यावर बोट फिरवत म्हणाले, "गाडी मोडनी ते मानूस उतरीसन पायी चालस. नाव मोडनी ते उतरानं कोठे?"

मी आत जाऊन त्यांची उरलेली अर्धी पोळी झाकून ठेवली.

नाव दिसायला देखणी होती, हे कबूल केलं पाहिजे. सागाच्या फळ्या, आत फासळ्यांसारखे बाभळीचे वाकलेले आडवे दांडे. होळीपासून आप्पांनी त्या फळ्या पत्र्यावर टाकून उन्हात खडखडीत वाळवल्या होत्या, चाकाचं लाकूड वाळवतात तशा. मग एकीला एक घट्ट भिडवून खिळे मारले. फटींत कापसाच्या वाती डांबरात भिजवून ठोकल्या, आणि ठोकल्या म्हणजे अगदी जीव खाऊन. आठ दिवस तेच चाललं होतं. हिलालनं दोन वल्ही केली, बसायला फळी बसवली, पाणी उपसायला तेलाचा डबा अर्धा कापून घेतला. झुंबरबाई रोज येऊन नुसती बघत उभी राहायची. एकदा तिनं सांध्याला हात लावला आणि पटकन मागं घेतला.

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी नाव आप्पांनीच केलेल्या एका बैलगाडीवर चढवून धरणावर नेली. काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात एका खुंटाला बांधली. रात्रभर पाण्यात राहू द्यायची आणि सकाळी फेरी, असं ठरलं.

सकाळी आम्ही गेलो, तर डाव्या बाजूची एक फळी कमानीसारखी बाहेर आलेली. तिचे तीन खिळे उपसले होते आणि काळ्या वाती फटींतून बाहेर लोंबत होत्या. नाव अर्धी पाण्यानं भरली होती. आप्पांच्या तोंडचं पाणीच पळालं. ते ओल्या मातीत मटकन खाली बसले. हिलाल फळीकडे बघत राहिला. झुंबरबाईच तेवढी म्हणाली, "फुटनी ते काठवरच फुटनी ना, आप्पा."

त्यावर आप्पा रडले. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच रडत होते आणि मला भयंकर राग आला. कुणाचा ते नक्की सांगता येत नाही. हिलालच्या अटीचा असेल, नाहीतर आप्पांच्या 'हो'चा. त्या रागातच मी फळीला हात लावून पाहिला. काल चपटी असलेली ती फळी आज फुगून जाड झाली होती. मी ओरडलेच, "आप्पा, चाक ढिलं व्हयनं ते पानीमा टाका, आसं तुम्हीच सांगतस ना लोकेसले?"

दर उन्हाळ्यात हेच चालायचं. चाकाचे आरे खुळखुळायला लागले की शेतकरी आप्पांकडे यायचे आणि आप्पा म्हणायचे, चाक दोन दिवस डोहात बुडवा, लाकूड फुगेल, आपोआप आवळेल. तेहेतीस वर्षं लोकांना हे सांगणाऱ्या माणसानं वाळक्या फळ्या घट्ट भिडवून वर कापूस ठासला होता. लाकडाला फुगायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून ते बाहेर फुटलं.

आप्पांनी डोळे पुसले. मग तिथंच काठावर पटाशी घेऊन बसले आणि आठ दिवस ठोकलेला कापूस एकेक वात करून बाहेर काढला. फळ्या सोडवून त्यांच्या कडा रंध्यानं थोड्या उतरवल्या आणि सांधे सैल ठेवून पुन्हा खिळे मारले. दुसऱ्या दिवशी नावेत दगड भरले आणि ती नवी नाव आपल्या हातानं पाण्यात बुडवली.

गावात हसं झालं. पारावर म्हणे बोलणं चाललं होतं, सुतारानं नाव अशी केली की ती पाण्याखालूनच चालते. आप्पा चार दिवस पारावरून गेले नाहीत. सकाळ-संध्याकाळ काठावर जायचे, पाण्याखालच्या त्या काळपट आकाराकडे बघायचे आणि परत यायचे. मी सासरी निरोप धाडला की माझं अजून चार दिवस इथं काम आहे. माझं काहीच काम नव्हतं. जीव टांगणीला लागला होता, एवढंच.

पाचव्या दिवशी नाव वर काढली. फळ्या आपापल्या जागी फुगून एकमेकींना टेकल्या होत्या. उरलेल्या बारीक फटींत आप्पांनी या वेळी कापूस हलक्या हातानं, नुसता बसवला, वर डांबर फिरवलं. त्यानंतर दोन रात्री नाव काठाशी पाण्यात बांधून ठेवली. आत ओल आली, पाणी आलं नाही.

मग फेरीचा दिवस उगवला. हिलाल वल्ह्यांवर बसला, झुंबरबाई डबा मांडीवर घेऊन मागं. आप्पांनी एक पाय नावेत टाकला आणि तसेच थांबले, तेव्हा झुंबरबाई आपली भीती विसरून म्हणाली, "हात धरा मना. बठा." ते मधोमध बसले, सांध्यावर अंगठा दाबून, जणू तो काढला तर नाव फुटेल. मी काठावर उभी होते. त्यांची पांढरी टोपी लहान होत गेली, मग नाव टेकाडाच्या वळणामागं गेली आणि दिसेनाशी झाली.

तो वेळ मी कसा काढला ते मला विचारू नका. घरी जाऊन आईला मी काय काय सांगेन, त्याची वाक्यंसुद्धा मनात तयार झाली होती. मग टोपी दिसली.

आप्पा उतरले. अंगठा डांबरानं काळा झाला होता आणि पाण्यानं सुरकुतला होता. मी त्यांना गच्च धरलं आणि रडत रडत भांडले, पुन्हा असला 'हो' कुणाला म्हणाल तर खबरदार. हिलाल आणि झुंबरबाईनं जाळं नावेत टाकलं आणि दोघं लगेच पुन्हा निघून गेली. सात महिन्यांनी झुंबरबाई जाळं टाकायला चालली होती.

ऊन कलायला लागलं. आप्पा काठावरच्या दगडावर बसून राहिले. मी म्हटलं, आप्पा, सकाळपासून पोटात काही नाही, आई ताट वाढून बसली आहे, झालं ना आता, घरी चला.

ते हिलाल-झुंबरबाई गेली होती तिकडे, पाण्याकडे बघतच म्हणाले, "मी उतरनू वं. त्या दोन्ही आजून पानीमाच शेतस."

मी त्यांच्या शेजारी बसले.