फिरकी पडल्याचा आवाज

सकाळी सव्वाआठला पलटणीच्या शिंपीखोलीत कॅप्टनबाई गुडघ्यांवर रांगत होत्या. नऊला संचलन होतं, त्यांच्या हुकुमावर चालणारं पहिलंच, आणि छातीवरच्या पितळी बिल्ल्याची फिरकी ऐन वेळी बोटांतून निसटली होती.

बिल्ल्यामागे दोन काटे असतात. ते कापडातून आरपार काढायचे आणि त्यांवर मसुराएवढ्या दोन टोप्या दाबून बसवायच्या. कानातल्यासारखी फिरवावी लागत नसली तरी हरवण्याची खोड तीच, म्हणून सगळे तिला फिरकीच म्हणत. भांडारात बिल्ले मिळत, सुटी फिरकी कधी मिळत नसे. मग कुणी काट्यावर खोडरबराचा तुकडा खोची, कुणी चघळलेलं च्युइंगगम. खुद्द कॅप्टनबाईंनी एकदा बहिणीच्या कुड्यांची फिरकी पळवली होती आणि घरात आठवडाभर अबोला ओढवून घेतला होता. तोफेच्या आवाजाला न दचकणाऱ्या माणसांची ही एवढीशी वस्तू रोज फिरकी घ्यायची.

"मास्तर, तुम्ही पण जरा बघा ना!"

मास्तर हातातला सदरा घेऊन तसेच बसून राहिले. काजं करायला म्हणून ते या खोलीत आले, त्याला एकतीस वर्षं झाली होती. चार हाका मारल्या तरी यांना एक ऐकू जात नाही, अशी त्यांच्या बायकोची जुनी तक्रार होती.

"बाई, उठा आधी. पँटची इस्त्री मोडतेय," ते म्हणाले. "ती जमिनीवर नाहीये."

"म्हणजे?"

"टेबलावर आपटली, मग मशीनच्या चाकावर. त्यानंतर काहीच नाही. फरशीवर पडली असती तर वाजली असती."

कॅप्टनबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना स्वतःला एकही आवाज ऐकू आला नव्हता.

मास्तरांनी मान किंचित कलती केली आणि मशीनशेजारी खुंटीवर टांगलेला ओव्हरकोट चाचपला. तो मोठ्या साहेबांचा होता, अस्तर बदलायला आलेला. त्याचा खिसा तपासायचं कॅप्टनबाईंच्या स्वप्नातही आलं नसतं. मास्तरांनी त्यात दोन बोटं घातली आणि फिरकी काढून तळहातावर ठेवली.

कॅप्टनबाईंनी एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा फिरकीकडे. त्यांनी डोंगरमाथ्यावरून मैलभर लांबचं हेरणारे जवान पाहिले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं.

बिल्ला लावायला मास्तर जवळ आले. त्यांची बोटं आधी खिशाच्या शिवणीवर गेली, शिवण धरून वर सरकली, तिथे अंतर मोजलं आणि काटे नेमके टोचले. नजर मात्र कॅप्टनबाईंच्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"मास्तर, तुम्हाला दिसतंय ना?"

"डावा गेला. उजव्याने उजेड कळतो," मास्तर सहज म्हणाले. "चार वर्षं झाली. टाका चुकलाय का कुठे?"

कॅप्टनबाईंनी मनातल्या मनात या चार वर्षांतले आपले कपडे आठवले. बाह्या, पट्ट्या, काजं... एकही टाका चुकला नव्हता. त्यांनी टाचा जुळवून मास्तरांना कडक सलाम ठोकला. बुटांचा आवाज ऐकून मास्तर हसले.

"पळा आता. डाव्या बुटाची नाल सैल झालीय, जोरात आपटू नका."

संचलन निर्विघ्न पार पडलं. मास्तरांच्या डोळ्यांबद्दल कॅप्टनबाई कुणाजवळ अवाक्षर बोलल्या नाहीत, पण दुसऱ्याच दिवशी आपल्या सहीने शिंपीखोलीसाठी मोठा दिवा मागवला. महिन्याभराने तो आला. मास्तरांनी तो आपल्या मशीनवर न लावता दाराजवळ लावून घेतला, जिथे जवान बिल्ले लावायला उभे राहत.

"तुम्हा लोकांना शोधायला लागतो," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.