आमच्या हॉल्टवरची गर्दी

वेळेवर येणाऱ्या गाडीच्या स्टेशनवर किस्से साचत नसावेत. आमची पॅसेंजर वेळेवर येत नाही, त्यामुळे लग्न होऊन या गावात आल्यापासून माझ्याकडे पोतंभर जमलेत! शिवाय मी फार बोलत नाही, म्हणून लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात.

स्टेशन म्हणजे बल्लारपूरच्या लाईनवरचा एक हॉल्ट. जंगलात एक खोली, तिला एक खिडकी, खिडकीमागे आमचे हे. हे कमिशनवर तिकिटं विकतात. म्हणजे, विकायला बसतात.

पहिल्याच आठवड्यात सयाबाई भेटल्या. मूल गावच्या बाजारात भाजी विकतात, गाडीनेच जातात. मी नव्या सुनेच्या उत्साहात विचारलं, "बाई, तिकीट?"

"आपल्याच गाडीचं टिकीट काहाले काढाचं वं?"

*

एकदा गाडी आली, थांबली आणि हलेचना. गार्डभाऊ डोकं बाहेर काढून ओरडले, "सयाबाई कुठी हाये?"

"आज नाई येत. घरी पावने हायेत!"

"मंग कालच काऊन नाई सांगतलं? मी इथी वाट पाहून राह्यलो ना!"

*

खिडकीवर धंदा झालेला मी एकदाच पाहिला. प्लॅटफॉर्मच्या टोकाला वाघ येऊन बसला होता. दार लागेल अशी खोली आमची एकच, सगळे आत घुसले. यांनी संधी साधली. "आत आलेच, तं टिकीट घ्या!"

सगळ्यांनी मुकाट घेतलं. वाघ उठून जंगलात गेला, तशा सयाबाई खिडकीवर आल्या.

"वाघ तं गेला ना भाऊ. आता हे वापस घे!"

*

मग वरून निरोप आला. तिकिटं खपत नाहीत, म्हणजे प्रवासी नाहीत. साहेब स्वतः बघायला येणार, माणसं दिसली नाहीत तर हॉल्ट बंद. यांचं कमिशन जाणार. माझी माहेरची वाटही. माझं माहेर मूलला, आणि या गावाला एस.टी. नाही.

सरपंचभाऊंनी सभा घेतली. "त्या दिवशी घरी कोनीच राहाचं नाई! पूर्ण गाव प्लॅटफॉर्मवर पाहिजे!"

साहेब आले. जीपने.

पूर्ण गाव हजर! भजनी मंडळ टाळांसकट, म्हाताऱ्या ठेवणीतल्या लुगड्यांत. साहेब खूश. "कोण म्हणतं इथे प्रवासी नाहीत?"

गाडी आली. गार्डभाऊंनी हाक मारली, "सयाबाई, चढा ना!"

"आज नाई जमत भाऊ, आज स्टेशनचं काम हाये!"

मी मात्र खरंच माहेरी निघाले होते. हातात पिशवी, पिशवीत तिकीट. पायरीवर पाय ठेवला, तोच सासूबाईंनी पदर ओढला.

"थांब वं पोरी! तू गेली तं एक मानूस कमी दिसंल ना!"

मी उतरले. गाडी शिट्टी देऊन निघून गेली. प्लॅटफॉर्म तसाच गच्च.

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, कोणीच कसं चढलं नाही?"

सरपंचभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेब, आमी गाडीत बसलो असतो, तं तुमाले दिसलो कुठी असतो?"