उजवीकडची सीट

अण्णाची आणि माझी शेवटची भेट त्याच्या गाडीच्या चुकीच्या दाराशी झाली. इंदिरानगरच्या घरासमोरून तो मला चक्कर मारायला नेणार होता. मी सवयीनं डावं दार उघडून आत शिरलो, तर समोर स्टिअरिंग! "काय रे, तूच चालवतोस का?" म्हणत तो खोकला येईपर्यंत हसला. त्याच आठवड्यात एका सकाळी पुतणीचा फोन आला, "काका, बाबा गेले..." झोपेतच गेला. महिना उलटला, तरी ते हसू माझ्या कानातून जात नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. सायखेड्याच्या शेतात टोमॅटो खुडतानाही त्याचे कान रस्त्यावरच्या इंजिनांकडे असायचे. पुढं अंबडला त्यानं स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, मुलीचं लग्न केलं, आणि साठी उलटल्यावर जाहीर केलं, "आता जुनी स्पोर्ट्स कार घेणार. दोन सीटची, उघड्या टपाची." सगळे हसले. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. मोठ्या आजारपणातून त्या उठल्या होत्या, तब्येत सुधारली होती, पण उंबरा ओलांडायचं नाव नाही. लग्न असो, बारसं असो, एकच वाक्य : "मी कशाला? तुम्ही जाऊन या." एके काळी गप्पांचा फड एकटीनं गाजवणारी बाई ती! अण्णानं डॉक्टर केले, देव केले, समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. त्या वाक्याची त्याला धास्तीच बसली होती.

मुंबईत एका शौकिनाकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या विकायला होत्या. दोन्हींचे कागद चोख. एक हिरवी, उजव्या स्टिअरिंगची, किल्ली फिरवली की सुरू. दुसरी लाल, डाव्या स्टिअरिंगची, निम्मं इंजिन खोक्यात. यात विचार करण्यासारखं काय होतं? पण अण्णानं लाल घेतली. मी भडकलो. "अरे, डावीकडं बसून पुढचा ट्रक ओलांडणार कसा? समोरून काय येतंय ते दिसणार तरी आहे का तुला? उजवीकडं कुणीतरी बसून सांगावं लागेल!"

"तेच तर," अण्णा म्हणाला. "अन् कोण बसणार, ते लय आधी ठरलंय."

मला तरीही कळलं नाही. वाटलं, म्हातारचळ लागला.

न मिळणारे पार्ट लेथवर स्वतः बनवत त्यानं ती गाडी उभी केली आणि वहिनींना सांगितलं, "तू नाही आलीस तर ही फाटकाबाहेर जात नाही. मला उजवीकडचं दिसत नाही." वहिनींनी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण या गाडीला ते लागूच पडेना. चडफडत बसल्या. सायखेडा रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडली. अण्णा डावीकडून विचारतोय, "काय दिसतंय?" मग मान बाहेर काढून वहिनी ट्रकवरच्या क्लीनरसारख्या खणखणीत ओरडल्या, "जाऊ द्या!" हे सांगताना अण्णाचे डोळे भरून आले होते. त्यानंतर एकही लग्न त्यांनी चुकवलं नाही. वरातीत गाडी अडली, तरी लाल गाडीतून वहिनींची हाळी यायची. मला माझ्या भावाचा तेव्हा वाटला तेवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. बायकोवर जीव असलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण तिच्यावाचून चालणारच नाही अशी गाडी शोधून आणणारा हा एकच.

तो गेला आणि गाडीवर कव्हर चढलं. वहिनींचं वाक्यही परत आलं. मध्यंतरी पुतणीनं नाशिकरोडला जेवायला बोलावलं, तर, "मी कशाला?"

गेल्या रविवारी मी गेलो. "बॅटरी उतरेल, वहिनी. चक्कर मारून आणतो," म्हणत कव्हर काढलं, आणि चालवायचं म्हणून सवयीनं उजवं दार उघडलं.

"भाऊजी, तिकडून बसा." घराच्या दारातून आवाज आला. "ही माझी जागा आहे."

घरातल्याच चपलांनिशी त्या येऊन बसल्या. सायखेडा रस्त्याला पुढं कांद्याची ट्रॉली लागली. सालपटं उडत होती, मला पुढचं काही दिसेना. विचारायचा धीर होईना... त्या प्रश्नावर अण्णाचा हक्क होता. बराच वेळ आम्ही तसेच ट्रॉलीच्या मागं मागं जात राहिलो. मग वहिनींनी डोळे पुसले, मान बाहेर काढली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा मात्र आला, तोच, खणखणीत :

"जाऊ द्या!"